घरी न टिकणारा घरधनी

भिलाई येथील एका वसाहतीचे नाव स्मृति नगर असे आहे. पोलादाच्या गावात स्मृतीच्या नावाने एक वसाहत असावी, हे प्रथम ऐकणाऱ्यास थोडे नवलाचे वाटते. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यामध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे कामासाठी आली आणि त्यांत मराठी माणसेही होती. ओळखीचे कोणी नाही, भाषा निराळी, ऊन अंग भाजून काढणारे. अशा मुलखात एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन उतरलेल्या त्या पुरुषांना आपापल्या परीने साहसीच म्हटले पाहिजे. त्यांच्यापैकी कित्येक आज हयात नाहीत. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांची तसबीर असते आणि तसबिरीला चंदनाचा हार असतो.

परंतु त्या तसबिरीखाली बसून घरच्या मंडळींना विचारावे, ‘ते कसे होते हो?’ तर उत्तर बहुधा ठरलेले येते. ‘फार सज्जन होते. देवमाणूस होते.’ मृत्यूनंतर सगळेच पुरुष सारखे होतात. तो माणूस कशावर हसत असे, कशाने चिडत असे, पगाराच्या दिवशी बाजारात जाऊन भलतेच काय घेऊन येत असे, आणि त्यावरून घरात कसे रणकंदन माजत असे, हे सारे हाराच्या आड झाकले जाते. आदर राहतो, पण माणूस मात्र हरवतो.

असे होऊ न देणारी एक स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. तिच्या पतीच्या आयुष्याला ज्या प्रवासाने कलाटणी मिळाली, तो प्रवास याच बाजूच्या रुळांवर घडला, हा योगायोग भिलाईच्या मराठी वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. म्हणून ती हकीकत येथे सांगावीशी वाटते.

भिलाईहून नागपूरच्या दिशेने निघाले की दुर्ग मागे टाकून गाडी राजनांदगावला पोचते. अंतर जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजनांदगाव ही एका लहानशा संस्थानाची राजधानी होती, आणि नागपूरकडून येणारा लोहमार्ग तेथवर पोचून फार वर्षे झाली नव्हती. १८९३ साली नागपूरहून या गावी यावयास निघालेल्या गाडीत एक तिशीतील मराठी गृहस्थ बसले होते. नागपुरातील काम सुटले होते आणि राजनांदगावला काही सोय लागेल अशी आशा होती. संस्कृतचे ज्ञान उत्तम, वाणी ओघवती, काव्याची देणगी उपजत, आणि व्यवहाराच्या नावाने शून्य. त्यांचे नाव नारायण वामन टिळक.

त्यांच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस म्हणजे उर्मट असावयाचा, अशी त्या काळच्या प्रवाशाची समजूत. आणि ती निराधार होती असेही म्हणता येणार नाही. पण हे अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी सौजन्याने बोलू लागले. बोलणे रंगले. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हाती बायबलची एक प्रत ठेवली आणि ती बारकाईने वाचा असे सुचविले. टिळकांनी ती वाचावयास घेतली, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ती खाली ठेवता येईना.

पुढे काय झाले हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु आपल्याला येथे धर्मांतराची चिकित्सा करावयाची नाही. आपला प्रश्न घरगुती आहे. ज्या माणसाने असा पाऊलभर पुढचाही विचार न करता आयुष्याची दिशा बदलली, त्याच्या घरी त्या वेळी कोण होते? त्यांनी ते कसे सोसले? आणि सोसून झाल्यावर त्याची आठवण कशी ठेवली?

घरी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई होत्या आणि लहानगा दत्तू होता.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथला. आई लहानपणीच गेली. वडिलांचा स्वभाव कडक. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि तेथे त्याने संस्कृत विद्या संपादन केली. घर सोडण्याची ही लहानपणची सवय त्यांना जन्मभर पुरली. लग्न झाले ते १८८० च्या सुमारास. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. माहेरचे नाव मनकर्णिका, सासरचे लक्ष्मी.

या मुलीचे बालपणही काही कमी विलक्षण नव्हते. तिच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर तिच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात यावयाची नाही. जेथे पाण्यावाचून पान हलत नव्हते, विटाळाच्या भीतीने मुलांना मोकळा श्वास घेता येत नव्हता, अशा घरातून ही मुलगी निघाली आणि जेथे कोणत्याच गोष्टीला नियम नव्हता अशा माणसाच्या संसारात येऊन पडली. एका टोकाचे घर सोडून दुसऱ्या टोकाच्या घरी जावे, तसे ते झाले.

लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षे म्हणजे बिऱ्हाडे बदलण्याची एक लांबलचक मालिकाच होय. मुरबाड, वणी, नाशिक, मुंबई, नागपूर! टिळक एखाद्या गावी जात, तेथे व्याख्याने देत, कविता करीत, लोकांना आपलेसे करून घेत. आणि गाव आपलेसे झाले न झाले तोच एके दिवशी तेथून निघून जात. कधी सांगून जात, बहुधा न सांगता. १८९१ साली नागपुरास अप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांना मिळाले. ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. आता तरी संसार स्थिर होईल असे वाटावे, तोच राजनांदगावची गाडी आली.

टिळकांच्या या भटकेपणात स्वार्थाचा लेश नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, कारण हात कायम उघडा असे. समोरच्याला गरज आहे एवढे कळले की खिशात असेल ते बाहेर येई. स्वतःच्या घरात संध्याकाळी चूल पेटावयाची आहे, ही गोष्ट त्या क्षणी त्यांना आठवत नसे. रागही तसाच. भडका उडे तो क्षणात, आणि विझे तोही क्षणात. ज्या गोष्टीवरून पाच मिनिटांपूर्वी आकाशपाताळ एक केले, तिच्यावरून तेच पोट धरून हसत. अशा माणसाबरोबर संसार करणाऱ्या स्त्रीला दोनच वाटा असतात. एक रडण्याची आणि दुसरी हसण्याची. लक्ष्मीबाई दोन्ही वाटांनी चालल्या. पण त्यांनी लिहून ठेवली ती दुसरी.

मात्र १८९५ सालचा प्रसंग हसण्याजोगा नव्हता. त्या काळी ब्राह्मण घरातील पुरुषाने धर्म बदलला म्हणजे त्याची पत्नी जिवंतपणी विधवेसारखी होई. ना कपाळीचे कुंकू पुसावयाचे, ना नवऱ्याचे नाव अभिमानाने सांगावयाचे. लोक कीव करीत, आणि कीव ही निंदेपेक्षाही अधिक बोचते. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुष्कळसा काळ पंढरपुरास गेला. सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट होती. पतीला आपला मार्ग खरा वाटत होता म्हणून त्याने तो धरला. पण त्या मार्गाचे मोल पत्नीने आणि मुलाने भरले. कवीच्या चरित्रकारांना हे वाक्य लिहिताना अडखळावे लागते. लक्ष्मीबाई अडखळल्या नाहीत.

टिळकांनी त्या वर्षांत पत्नीचा नाद सोडला नाही आणि पत्नीनेही पतीचा सोडला नाही. अखेर लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे जाण्याचे ठरविले. येथे आजच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या नवऱ्याकडे गेल्या, त्याच्या धर्माकडे नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. नवरा ख्रिस्ती आणि बायको कर्मठ ब्राह्मण, असा संसार तेव्हाच्या नगर जिल्ह्याने क्वचितच पाहिला असेल. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाने हा प्रकार सहन केला, एवढेच नव्हे तर पत्नीच्या मनावर जबरदस्ती केली नाही, ही त्यांच्या साहसांपैकी सर्वांत अवघड गोष्ट म्हटली पाहिजे. गाडीत बसून निघून जाणे सोपे असते. घरात बसून वाट पाहणे कठीण.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनातच वादळ उठले. ही जात कोणी निर्माण केली? माणसाच्या हातचे पाणी माणसाने पिऊ नये, हे देवाने सांगितले असेल काय? त्या स्वतःशी विचार करीत राहिल्या आणि विचार पुरता झाल्यावर त्यांनी विटाळाची कल्पना अंगावरचे ओझे उतरवून ठेवावे तशी उतरवून ठेवली. ज्यांच्या वडिलांनी जन्मभर वस्तू धुण्यात घालविला, त्यांच्या मुलीने कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० च्या सुमारास त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. हा निर्णय नवऱ्यामागून फरपटत गेलेल्या बायकोचा नव्हता. त्या आपल्या पायांनी तेथवर चालत गेल्या होत्या.

यानंतरचा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, काळ हा या संसारातील सर्वांत भरलेला काळ होय. टिळक आता मिशनच्या कामात होते. ते उपदेश करीत, शिकवीत, अभंग आणि भजने रचीत. कीर्तन ही आपल्या मातीतील कला, तिचा त्यांनी ख्रिस्ती उपासनेत उपयोग करून घेतला. तुकारामांच्या अभंगांवर त्यांचे निस्सीम प्रेम होते, आणि आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामांच्या सेतूवरून, असे ते उघड सांगत. धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही, पोशाख बदलला नाही, देशाभिमान तर अधिकच प्रखर झाला. पुढे ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले.

घरात माणसांचा सतत राबता असे. निराधार मुले, शिकणारी मुले, वाट चुकलेली माणसे, कवी आणि नुसतेच भुकेलेले लोक. यजमान त्यांना आणीत आणि यजमानीण त्यांना जेवू घालीत. आणणाऱ्याचे नाव होते. रांधणारीचे हात भाजतात. तरी लक्ष्मीबाईंनी आलेल्याला परत पाठविले नाही. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्या टिळकांची मुले केवळ कवितेत नव्हती. ती त्यांच्या अंगणात होती, पंगतीत होती, आणि कित्येकदा लक्ष्मीबाईंच्या पदराआड होती.

या मुलांपैकीच एक म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तेथे या सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून मंडळी थक्क झाली आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला तेथेच मिळाले. टिळक त्या संमेलनास होते. पुढे बालकवी नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. लहरी, हळवा, क्षणात रुसणारा आणि क्षणात फुलणारा असा तो मुलगा. म्हणजे घरात आता एकाच्या जागी दोन कवी झाले! कवी एक असला तरी गृहिणीची परीक्षा असते. दोन असल्यावर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. लक्ष्मीबाईंनी या परक्या मुलावर पोटच्या मुलासारखी माया केली. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. आगगाडीने या घराला पुष्कळ काही दिले आणि पुष्कळ काही हिरावूनही नेले.

पिता म्हणून टिळक कसे होते? आजच्या मापाने पाहिले तर मुलाच्या वाट्याला पहिल्या वर्षांत बाप आला तो थोडाच. ज्या वयात मुलाने बापाच्या खांद्यावर बसावयाचे, त्या वयात दत्तूचा बाप दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या धर्मात होता. तरी पुढे बाप परत मिळाल्यावर या मुलाने रुसून पाठ फिरविली नाही. देवदत्त नारायण टिळक या नावाने तो स्वतः लेखक झाला, आणि वडिलांच्या स्मृतीसाठी त्याने जे केले ते पुढे येईलच. बापाने मुलाला मालमत्ता ठेवली नाही; ठेवण्यासारखी ती नव्हतीच. त्याने ठेवले ते भाषेचे वेड आणि माणसांची हौस.

वय वाढले तरी टिळकांचे पाय स्थिर झाले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर माणसे निवृत्तीचा विचार करतात. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा नवा उद्योग आरंभिला. दीक्षा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही ज्यात येता येईल, असा एक बंधुभाव त्यांना निर्माण करावयाचा होता. बांधलेला पगार गेला, पुन्हा सर्व काही नव्याने सुरू. नागपूर सोडताना होता तोच हा माणूस, केस तेवढे पिकले होते. हा दरबार पुरता भरण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. बालकवींना जाऊन जेमतेम एक वर्ष झाले होते.

आता खरी गोष्ट सुरू होते.

लक्ष्मीबाईंचे वय त्या वेळी पन्नाशीच्या घरात होते. शाळेचे शिक्षण नाही. अक्षरओळख झाली ती पतीच्या खटपटीने आणि स्वतःच्या हिमतीने. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहावयास घेतले होते आणि पहिले काही अध्याय रचून ते निघून गेले होते. नेहमीप्रमाणे, काम अर्धे टाकून! लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. जन्मभर नवऱ्याने आणलेल्या पाहुण्यांच्या पंगती वाढल्या. आता त्यानेच अर्धवट ठेवलेले पान त्यांनी वाढून पुरे केले.

आणि मग देवदत्तांनी आईपाशी हट्ट धरला. वडिलांचे चरित्र लिहावयाचे आहे, तुला आठवेल ते सांग, लिहून दे. आईने लिहिण्यास सुरुवात केली ती मुलाच्या चरित्राला सामग्री म्हणून. पण लेखणी चालू लागल्यावर चरित्राची सामग्री बाजूला राहिली आणि एक स्वतंत्र पुस्तक जन्माला आले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्याचे नाव. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. पुढे जोसेफिन इंकस्टर यांनी आणि अलीकडे, २०१७ साली, शांता गोखले यांनी त्याची इंग्रजी भाषांतरे केली. नातू अशोक टिळक यांनी ‘संपूर्ण स्मृतिचित्रे’ संपादित करून नव्या पिढीच्या हाती दिले. तीन पिढ्यांनी मिळून एका भटक्या माणसाला घरी परत आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत पतीच्या आठवणी लिहिणाऱ्या स्त्रियांची परंपरा मोठी आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यातील न्यायमूर्ती हे पूजेच्या आसनावर बसलेले पुरुष आहेत, आणि ते आसन त्यांना शोभतेही. माधव जूलियन यांच्या पत्नी लीलाबाई पटवर्धन यांनी ‘आमची अकरा वर्षे’ लिहिले. साऱ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या पु. ल. देशपांडे यांच्या सहचारिणी सुनीताबाई यांनी १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा विनोदी माणसाच्या घरातील चूल कशी असते हे पाहून अनेक वाचक दचकले. पण ते धाडस त्यांच्या पूर्वी अर्धशतक नाशिकच्या एका अल्पशिक्षित वृद्धेने करून ठेवले होते, आणि तेही चेहऱ्यावर एकही आठी न आणता.

लक्ष्मीबाईंचे वैशिष्ट्य यातच आहे. त्या पतीला ‘टिळक’ म्हणतात. देव म्हणत नाहीत आणि दैत्यही म्हणत नाहीत. त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, घरात दाणा नसताना दान करण्याची त्यांची तऱ्हा, हे सारे त्या उघड मांडतात. त्याच वेळी आपला हट्ट, आपली फजिती, आपले अज्ञान हेही झाकीत नाहीत. ज्याच्यावर हसावयाचे त्याच्या शेजारी स्वतः उभे राहून हसणे, ही त्यांच्या विनोदाची रीत आहे. त्यामुळे वाचकाला टिळकांचा राग येतो, आणि राग येता येता त्यांच्यावर माया जडते. हीच अवस्था लक्ष्मीबाईंची झाली असली पाहिजे. नवऱ्याला माफ केले असे त्या कोठे जाहीर करीत नाहीत. त्या फक्त सांगत जातात. ज्याच्याविषयी एवढे सांगावेसे वाटते, त्याचा हिशेब मनात केव्हाच चुकता झालेला असतो.

येथे कोणी म्हणेल, टिळक मोठे कवी होते, म्हणून त्यांच्या खोड्याही वाङ्मय झाल्या. सामान्य माणसाच्या आठवणी कोण वाचणार? या शंकेचे उत्तर पुस्तकातच आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण कवी टिळकांना जवळजवळ विसरतो. आपल्यासमोर उभा राहतो तो बाजाराला गेलेला, अजून न परतलेला, आणि परतेल तेव्हा पिशवीत काय असेल याची खात्री नसलेला एक नवरा. तो सर्वांच्या ओळखीचा आहे. तो स्मृति नगरातही राहून गेला असेल.

म्हणून त्या तसबिरीकडे पुन्हा एकदा पाहू. हार असू द्यावा. त्याची अडचण नाही. परंतु घरात आजी असेल, आई असेल, तर तिच्यापाशी बसून विचारावे. ‘देवमाणूस होते’ एवढ्यावर थांबू नये. भिलाईत पहिल्या रात्री ते कोठे झोपले? पहिला पगार कशात उडाला? कोणत्या गोष्टीवरून तुम्ही दोघे आठ दिवस बोलला नाहीत, आणि मग आधी कोण हसले? प्रथम ती म्हणेल, ‘काय सांगायचंय त्यात?’ मग थोडा वेळ गप्प बसेल. मग पदर सावरून सांगू लागेल. सांगताना मध्येच हसेल आणि हसता हसता डोळे पुशील. ते सारे, तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमाने, एका वहीत उतरवून घ्यावे. दुरुस्ती करू नये. बापाचा एखादा दोष आला म्हणून तो वगळू नये. दोष वगळले की माणूसही वगळला जातो.

देवदत्तांनी आईकडे मागितले होते वडिलांचे चरित्र. त्यांना वडील तर मिळालेच. आणि आजवर जी फक्त स्वयंपाकघरातून ऐकू येत होती, ती आईही मिळाली. राजनांदगावकडे निघालेल्या त्या गाडीत बसलेला माणूस घरी पुरता परतावयास चाळीस वर्षे लागली. दार त्याच्या पत्नीने उघडले, आणि उघडताना बहुधा ती म्हणाली असेल, ‘आलात? पाय धुऊन घ्या. पान वाढलंय.’